खाशाबांचा गुडघा

कोल्हापुरात पैलवान ओळखायला त्याचे दंड किंवा मान पाहावी लागत नाही. कान पाहिला की पुरे. समोरच्याच्या डोक्याशी, खांद्याशी आणि मातीशी वर्षानुवर्षे घासून कानाच्या कूर्चेवरच्या आवरणाखाली रक्त साचते, ते पुढे घट्ट होते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होऊन बसतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या परिसरात असे कान असलेली माणसे चहाच्या गाड्यावर, मंडईत, एस. टी. स्टँडवर सहज भेटतात. नवखा माणूससुद्धा त्या कानाकडे पाहून जरा आदराने बाजूला सरकतो. त्याच माणसाचा गुडघा मात्र कोणाला दिसत नाही. जिना उतरताना तो कठड्याला धरून, अंग तिरके करून एकेक पायरी उतरू लागतो, तेव्हाच त्याची कहाणी कळते. तोपर्यंत टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात.

खाशाबा जाधवांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते त्या न दिसणाऱ्या गुडघ्याच्या बाजूने. कारण हेलसिंकीचे पदक ही त्यांच्या आयुष्यातली एक घटना होती. शरीर पणाला लावून जगणे आणि ते शरीर एके दिवशी थांबले की त्यापुढेही जगणे, हा त्यांचा सगळा जन्म होता. कोल्हापूरच्या मातीत उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा तोच जन्म असतो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीतले जाणकार. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्ती घरात इतकी मुरलेली की पोराला आखाड्यात घालायचे की नाही असा प्रश्नच कधी पडला नसावा. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या चळवळीत त्या भागातल्या अनेक तरुणांप्रमाणे त्यांनीही भाग घेतला. पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले आणि कुस्तीच्या पंढरीत दाखल झाले.

त्या वेळच्या कोल्हापुरात पैलवानाच्या शरीराला मोल होते. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला होता, बाहेरून आलेल्या पोरांच्या खुराकाची सोय लावली होती आणि १९१२ मध्ये खासबागेचे भव्य मैदान उभे केले होते. युरोपच्या दौऱ्यात रोमचे जुने क्रीडागार पाहून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. हजारो माणसे एकाच वेळी बसूनही प्रत्येकाला मधला हौदा दिसावा अशी त्याची रचना आहे. महाराज १९२२ मध्ये गेले, पण त्यांनी लावलेले वळण गेले नाही.

खाशाबा दिसायला मात्र या वैभवात बसणारे नव्हते. साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंची आणि पन्नास-पंचावन्न किलोंचे अंग. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धांसाठी ते नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांचे अंग पाहून नकार दिला. ते सरळ प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्यापेक्षा थोराड मुलांना पाठीवर पाडले.

हे कसे जमले ते समजून घ्यायला त्यांचा आवडता डाव पाहावा लागेल. तो ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, त्याच्या अंगाखाली शिरून स्वतः गर्रकन वळायचे आणि त्याचे सगळे वजन आपल्या कमरेवरून पुढे फेकून द्यायचे. यात दंडाच्या ताकदीपेक्षा वळण्याची चपळाई लागते, म्हणून लहान चणीच्या मल्लाला तो साधतो. पण क्षणभर दोन माणसांचे वजन एका पायावर येते आणि तो पाय त्याच क्षणी पिळला जातो. मांडीचे हाड एकीकडे वळते, नडगी जमिनीला रोवलेली राहते आणि मधल्या गुडघ्याला तो पीळ सोसावा लागतो. ज्या सांध्यावर हलक्या पैलवानाची सारी कला उभी असते, तोच सांधा ती कला हळूहळू झिजवत असतो.

माझ्या पेठेत तालीम आहे. पहाटे जोर-बैठकांचा आणि हुंकारांचा आवाज ऐकत मी मोठा झालो. तालमीतली माती म्हणजे नुसती माती नव्हे. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव असे बरेच काही मुरवतात. दररोज ती खणून भुसभुशीत करतात. खणणे हीच पहिली मेहनत. त्या मातीत पडलेला पोरगा खरचटला तरी हळदीची माती चोळून पुन्हा उभा राहतो. मुका मार लागला तर शेक, लचक भरली तर मालिश, सूज आली तर आंबेहळदीचा लेप, सांधा सरकला तर तो बसवणारा जाणकार. कितीतरी दुखणी या उपचारांनी खरोखरच बरी होतात. अंग दुखत असताना मेहनत कशी करायची, हे तालमीइतके चांगले दुसरे कोणी शिकवत नाही. सकाळी उठवत नाही अशा अंगाने हजार बैठका मारणाऱ्या पोरांना मी पाहिले आहे. पहिल्या शंभरांत तोंड वेडेवाकडे होते, मग अंग तापते आणि दुखणे मागे पडते.

पण दुखण्यांच्या दोन जाती असतात. एक दुखणे मेहनतीचे. ते स्नायूंत असते आणि झोप, दूध-बदाम, मालिश यांनी दुसऱ्या दिवशी निम्मे होते. दुसरे दुखणे इजेचे. ते सांध्यात, शिरांत, कूर्चेत असते आणि मेहनत केली की वाढते. पहिले दुखणे सोसले तर पैलवान घडतो. दुसरे सोसले तर मोडतो. अडचण अशी की आतून दोन्ही सारखीच दुखतात आणि पोराला लहानपणापासून शाबासकी मिळालेली असते ती सोसण्याबद्दल. त्यातून थांबणे परवडत नाही. जत्रांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. जोड ठरलेली असते, इनाम जाहीर झालेले असते आणि त्या इनामावर पुढच्या वर्षाचा खुराक अवलंबून असतो. गुडघा दुखतो म्हणून मैदान सोडले तर दूध बंद. मग फडके घट्ट बांधून हलगीच्या तालावर पोरगा हौद्यात उतरतो.

खाशाबा याच जगातून १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे त्यांनी पहिल्यांदा मॅटवरची कुस्ती जवळून पाहिली. आपल्याकडची कुस्ती मातीवरची आणि निकाली. समोरच्याची पाठ लागेपर्यंत ती चालायची. तिथे गुण, वेळ, पंच आणि पायात बूट. मातीत पाय थोडा सरकतो आणि गुडघ्याला तेवढी सूट मिळते. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते आणि पीळ सांध्यात उतरतो. या नव्या विद्येचे धडे त्यांना अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून तिथेच मिळाले. एवढ्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखले. ५२ किलोच्या गटात ते सहावे आले.

परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत वाढवली. गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन होते. गटही बदलला, आता ५७ किलोचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होतानाच आधी झगडावे लागले. गुणांच्या बाबतीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटत होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणीत उतरण्याची संधी मिळवली आणि प्रतिस्पर्ध्याला पाडून दाखवले. मग प्रश्न पैशाचा. गावोगाव वर्गणी झाली. तरी भागेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचे नाव आहे. तिथे अभ्यासाला बसणाऱ्या किती मुलांना हे घर गहाण ठेवल्याचे ठाऊक असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज पंधरा मिनिटांवर चालली आणि त्यात ते हरले. दमछाक करणाऱ्या एका लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या राशीद मामेदबेकोव्हसमोर उभे राहावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. तिच्यासाठी भांडायला आपला एकही अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. थकल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

त्या अर्ध्या तासाची हळहळ आपण आजही करतो. पण ती नुसत्या सुवर्णपदकासाठी करू नये. खेळाडू स्वतःसाठी विश्रांती मागत नसतो. त्याच्या साऱ्या शिकवणीत मागे न हटणे हेच असते. म्हणून ती मागण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असावे लागते. त्याच ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेल या घोडेस्वार बाईंनी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते आणि घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना आधार द्यावा लागे. हंगेरीचे कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला होता. डाव्या हाताने नेमबाजी शिकून त्यांनी १९४८ मध्ये आणि पुन्हा हेलसिंकीत सुवर्ण मिळवले. शरीराची मोडतोड झालेली माणसे काय करू शकतात, याचे दर्शन त्या एका शहरात जगाला झाले. दोघांची जिद्द थोर होतीच. पण दोघांनीही शरीराचे नवे वास्तव मान्य करून नवी रीत शोधली होती. दुखऱ्या अंगाला जुन्याच कामाला जुंपणे वेगळे आणि हे वेगळे.

पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला तासन्‌तास लागले. ते कौतुक खरे होते, मनापासूनचे होते. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे केले ते मला पदकाहून मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिंपिकची दगदग अंगातून निघायच्या आत हा माणूस पुन्हा हौद्यात उतरला, कारण ऋण फेडायला त्याच्याजवळ शरीराशिवाय दुसरे भांडवल नव्हते.

त्या भांडवलाला पुढे खोट आली. १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक समोर होते. वयाची तिशी म्हणजे कुस्तीत अनुभव आणि ताकद यांचा मेळ बसण्याचा काळ. पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची ही वाट बंद केली. आज अशा गुडघ्याचे काय करतात ते आपण पाहतो. एमआरआय काढतात, दुर्बिणीतून फाटलेली गादी शिवतात किंवा साफ करतात, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरी शीर बसवतात आणि नऊ-दहा महिने व्यायाम करून घेतात. १९५५ च्या सुमारास यातले काहीच सर्रास उपलब्ध नव्हते. गुडघ्यातली फाटलेली गादी दुर्बिणीतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी केली ती १९६२ मध्ये. म्हणजे खाशाबांचा गुडघा आणि त्याचे औषध यांची चुकामूक झाली ती अवघ्या काही वर्षांनी.

साठ वर्षांनंतरचे एक उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचा गुडघा लढतीत मोडला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. उपचार झाले, ती परतली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तिथे वजनाच्या शंभर ग्रॅमांनी तिचा घात केला ही गोष्ट निराळी. मोडलेला गुडघा घेऊन मल्ल परत उभा राहू शकतो, हे तिने दाखवले. मात्र त्यासाठी जिद्दीच्या जोडीला डॉक्टर, वेळ आणि त्या वेळात घर चालेल एवढी सोय लागते. खाशाबांजवळ यातली पहिलीच गोष्ट होती.

१९५५ मध्ये ते पोलिस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघा गेला म्हणून आखाडा संपला असे त्यांनी मानले नाही. पोलिस दलातल्या स्पर्धांत ते जिंकत राहिले आणि शिकवण्याचे कामही त्यांनी केले. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मानाचे स्थान मिळाले. एवढा एक सन्मान सोडला तर क्रीडा संघटनांनी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाठच फिरवली. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

नंतर सगळे आले. राज्याचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर, केंद्राचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा देशाला चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या कांस्याची आठवण झाली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले. महाराष्ट्रात आता १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सारे योग्यच आहे. पण यातला एकही सन्मान त्या गुडघ्याच्या उपयोगी पडला नाही.

खाशाबांची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती जिद्दीची म्हणून. गरिबीतून वर आले, अन्यायापुढे नमले नाहीत, थकल्या अंगाने लढले. ही गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. पण नुसती एवढीच सांगितली तर ऐकणारा पोरगा समजतो की दुखणे लपवणे म्हणजेच मर्दुमकी. गुडघ्याची सूज तो वस्तादांपासून लपवतो, वस्तादांना दिसली तर तेही हंगाम संपेपर्यंत काणाडोळा करतात, आणि चाळिशीत तो माणूस जिन्याच्या कठड्याला धरून उतरू लागतो. हे फक्त पैलवानांचेच नाही. गुऱ्हाळावर काहिली उतरवणारे, ऊसतोडीला कोयता चालवणारे, मार्केट यार्डात पोती वाहणारे हमाल, या सगळ्यांच्या कंबरा आणि गुडघे याच हिशेबात झिजतात. त्यांना आपण काटक म्हणतो आणि मोकळे होतो. फरक एवढाच की त्यांच्यासाठी हलगी वाजत नाही.

आपल्या कोल्हापुरात अजूनही मोठ्या कुस्त्यांना गर्दी लोटते, चांदीच्या गदा दिल्या जातात, इनामांचे आकडे फलकांवर झळकतात. त्या आकड्यांतला थोडा भाग बाजूला काढून तालमीत महिन्यातून एकदा हाडांचा डॉक्टर यावा, ज्याला थांबायला सांगितले त्याचा खुराक तो बरा होईपर्यंत चालू राहावा, इतके करणे या शहराला जड नाही. शाहू महाराजांनी मल्लाच्या पोटाची काळजी केली. खर्डेकरांनी त्याच्या प्रवासासाठी घर गहाण टाकले. गुडघ्याची काळजी करणारा तिसरा माणूस खाशाबांना भेटला नाही. आज पहाटे लाल माती खणणाऱ्या पोरांना तरी तो भेटायला हवा.